गुणोत्तरीय राशींचे सरळरूप : काय ठरले, काय बाकी आहे

एका बहुपदीला शून्य नसलेल्या दुसऱ्या बहुपदीने भागले की गुणोत्तरीय राशी मिळते. अंश आणि छेद यांचे अवयव पाडायचे, दोहोंतले सामाईक अवयव काढून टाकायचे आणि उरेल ते उत्तर म्हणून लिहायचे, ही तिला सरळरूप देण्याची शाळेतली रीत. उदाहरणार्थ, (क्ष² − ५क्ष + ६) / (क्ष² − ९) या राशीचा अंश (क्ष − २)(क्ष − ३) आणि छेद (क्ष + ३)(क्ष − ३) असा होतो. (क्ष − ३) काढला की (क्ष − २) / (क्ष + ३) उरते.

कृती दोन ओळींची असली तरी तिच्या पोटात बरेच प्रश्न आहेत. क्ष = ३ घेतले तर पहिल्या राशीत ०/० येते आणि दुसरीची किंमत १/६ निघते; मग या दोन राशी समान म्हणायच्या का? एका राशीची अनेक समान रूपे असतील तर त्यांतले ‘सरळ’ कोणते, आणि ते कोणी ठरवायचे? अवयव सहज पडत नसतील तर सामाईक अवयव शोधायचा कसा? आणि हे सगळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे कोणत्या क्रमाने ठेवायचे? यांतल्या काही प्रश्नांची पक्की उत्तरे मिळाली आहेत, काहींवर आजही जाणकारांत मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

अंश-छेदांना एकाच संख्येने भागून अपूर्णांक लहान करण्याची कृती भारतीय गणितात ‘अपवर्तन’ या नावाने रुळलेली होती. ज्याने भागायचे ते शून्य असेल तर काय, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे सांगितले, आणि इतर राशींना शून्याने भागल्यास भागाकार न करता तो शून्य-छेदासह तसाच ठेवला.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) या प्रश्नाला वेगळे वळण मिळते. एखाद्या राशीला शून्याने गुणल्यावर पुढे आणखी कृती व्हायच्या असतील, तर गुणाकार लगेच शून्य करून टाकू नये, शून्य हा गुणक नुसता लक्षात ठेवावा; पुढे शून्यच भाजक म्हणून आले तर राशी अविकृत समजावी, असा त्यांचा नियम आहे. त्यावर त्यांनी उदाहरणही घातले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, बेरजेला ३ ने गुणले आणि शून्याने भागले तेव्हा ६३ आले, तर ती संख्या कोणती? गुणक शून्य आणि भाजक शून्य एकमेकांना काटतात असे मानले की संख्येच्या साडेचार पटी ६३ होतात आणि उत्तर १४ येते. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे, असेही भास्कराचार्य नोंदवतात. या नियमात सीमेच्या कल्पनेचे बीज आहे असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती केवळ मांडणीची सोय आहे, तिच्यात पुढच्या काळातली कल्पना वाचणे योग्य नाही. नियमाच्या शब्दांवरून एवढे मात्र स्पष्ट दिसते की, ‘आधी काटा, मग किंमत घाला’ आणि ‘आधी किंमत घाला, मग काटा’ यांत फरक पडतो याची त्यांना पुरती जाण होती.

युरोपात सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये युक्लिडची महत्तम सामाईक विभाजक (मसावि) काढण्याची रीत पूर्णांकांवरून बहुपदींवर आणली. त्यामुळे बैजिक अपूर्णांक संक्षिप्त करायला पहिल्यांदा एक खात्रीचा मार्ग मिळाला. पुढच्या दीड शतकात हाच प्रश्न कलनाच्या दारात उभा राहिला. ((क्ष + ह)² − क्ष²) / ह या राशीत ह काटून २क्ष + ह मिळवायचे आणि मग ह शून्य धरायचा, या पद्धतीवर बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तिकेत कडक आक्षेप घेतला: काटताना ह शून्य नाही असे मानले, मग त्याच हिशेबात तो शून्य कसा मानता येईल? कोशीच्या १८२१ च्या ग्रंथापासून सीमेची कल्पना काटेकोर होत गेली, तेव्हा कलनापुरते उत्तर मिळाले. ह शून्य होतच नाही, तो शून्याच्या हवा तितका जवळ जातो. बीजगणिताला मात्र सीमेचा आधार न घेता स्वतःचे उत्तर शोधावे लागले.

समानतेविषयीच्या भूमिका

पहिली भूमिका आकारिक बीजगणिताची. तिच्यात क्ष ही कोणतीही संख्या नसून निव्वळ एक चिन्ह आहे. अ/ब आणि क/ड या दोन राशी समान कधी, तर अ × ड आणि ब × क या बहुपदी एकच असतील तेव्हा. पूर्णांकांपासून परिमेय संख्या ज्या रीतीने घडवतात, त्याच रीतीने बहुपदींपासून गुणोत्तरीय राशींचे क्षेत्र घडते. अर्न्स्ट स्टाइनिट्झच्या १९१० च्या निबंधानंतर ही मांडणी उच्च बीजगणितात सर्वमान्य झाली. या दृष्टीने (क्ष² − १) / (क्ष − १) आणि क्ष + १ एकच आहेत, आणि कोणतीही अट लिहावी लागत नाही. क्ष − १ ही शून्य बहुपदी नाही, एवढे पुरते.

दुसरी भूमिका फलाची. येथे क्ष म्हणजे संख्येसाठी मोकळी ठेवलेली जागा, आणि राशी म्हणजे त्या संख्येवर करायच्या हिशेबाची कृती. (क्ष² − १) / (क्ष − १) ही कृती क्ष = १ ला करता येत नाही, क्ष + १ ही करता येते; म्हणून दोन्ही फले वेगळी, आणि सरळरूपाबरोबर ‘क्ष ≠ १’ असे लिहिणे बंधनकारक. या आग्रहाला भक्कम कारण आहे. (क्ष² − १) / (क्ष − १) = २ हे समीकरण सोडवताना विद्यार्थी डावी बाजू क्ष + १ करतो आणि क्ष = १ असे उत्तर लिहितो. मूळ समीकरणात नेमकी तीच किंमत चालत नाही, म्हणजे समीकरणाला उत्तरच नाही. अट गाळल्यामुळे नसलेले उत्तर जन्माला आले.

या दोन भूमिकांत अंतर किती, हे गणिताने अचूक मोजले आहे. परिमेय किंवा वास्तव संख्यांवर एकाच चलाच्या दोन राशी आकारिक अर्थाने समान असतील, तर फल म्हणूनही त्या मोजक्याच किमती सोडून सर्वत्र जुळतात. ज्या संख्याव्यवस्थेत सदस्यच मर्यादित आहेत, तिथे मात्र अंतर मोठे होऊ शकते: प ही मूळसंख्या धरून प सदस्यांच्या क्षेत्रात क्षᵖ − क्ष ही बहुपदी प्रत्येक किमतीला शून्य देते, पण ती शून्य बहुपदी नाही.

तिसरी भूमिका मधली आहे. सरळरूपात जे फल दिसते ते मूळ फलाचा नैसर्गिक विस्तार मानायचे. सुटलेला बिंदू सातत्याने भरून काढायचा. रीमानच्या १८५१ च्या प्रबंधानंतर संमिश्र फलांच्या शास्त्रात अशा भरून काढता येणाऱ्या बिंदूंना पक्के स्थान मिळाले. एका चलापुरती ही भूमिका देखणी आहे, कारण सामाईक अवयव गेल्यावर अंश आणि छेद कधीच एकदम शून्य होत नाहीत आणि ०/० चा प्रश्न मुळातून मिटतो. दोन चले आली की ती अडते. क्ष / य ही राशी अतिसंक्षिप्तच आहे, तरी दोन्ही चले शून्य असताना ०/० उरतेच, आणि त्या बिंदूकडे वेगवेगळ्या वाटांनी गेल्यास वेगवेगळ्या किमती येतात.

अलीकडे आणखी एक मांडणी पुढे आली आहे. लीन या सिद्धतापडताळणीच्या प्रणालीत, तिच्या मॅथलिब या ग्रंथालयात, भागाकार सर्वत्र करता येतो. कोणत्याही संख्येला शून्याने भागले की शून्य येते असा संकेतच आहे. शून्याला शून्याने भागल्यास येणारे ब्रह्मगुप्ताचे उत्तर येथे, अगदी वेगळ्या कारणाने, पुन्हा भेटते. या संकेताने अडचण नाहीशी होत नाही. (क्ष² − १) / (क्ष − १) = क्ष + १ यात क्ष = १ असताना डावीकडे ० आणि उजवीकडे २ येतात, म्हणून छेद शून्य नाही याची सिद्धता दिल्याशिवाय समानता मंजूर होत नाही. राशीला अर्थ आहे की नाही हा प्रश्न जातो आणि अट फक्त सिद्धतेत विचारली जाते, हा तिचा लाभ.

मसावि काढण्याची वाट

या भागात सर्वाधिक निश्चित प्रगती झाली आहे. शाळेत अवयव पाडून सामाईक अवयव शोधतात, पण त्याची गरज नसते. (क्ष⁴ + क्ष² + १) / (क्ष³ − १) ही राशी घ्या. अंशाचे अवयव पटकन सुचत नाहीत. युक्लिडच्या रीतीने अंशाला छेदाने भागले तर भागाकार क्ष आणि बाकी क्ष² + क्ष + १ येते; या बाकीने क्ष³ − १ ला निःशेष भाग जातो. म्हणजे हाच मसावि, आणि सरळरूप (क्ष² − क्ष + १) / (क्ष − १). दोन भागाकारांत काम झाले आणि अवयव कुठेच पाडावे लागले नाहीत.

हातावर सोपी वाटणारी ही रीत संगणकावर मात्र सहगुणकांच्या वाढीमुळे अडते. डॉनल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडातले उदाहरण प्रसिद्ध आहे. क्ष⁸ + क्ष⁶ − ३क्ष⁴ − ३क्ष³ + ८क्ष² + २क्ष − ५ आणि ३क्ष⁶ + ५क्ष⁴ − ४क्ष² − ९क्ष + २१ या दोन बहुपदींना सामाईक अवयव नाही. पण अपूर्णांक टाळून युक्लिडची रीत सरळ चालवली, तर एकअंकी-दोनअंकी सहगुणकांपासून सुरू झालेला हिशेब शेवटी ३५ अंकी संख्येवर थांबतो, आणि त्या संख्येतून एवढेच कळते की मसावि १ आहे. प्रत्येक पायरीला सहगुणकांतला सामाईक भाग काढून टाकला तर संख्या चार अंकांच्या पुढे जात नाहीत, पण तो भाग काढण्यासाठी पूर्णांकांचे मसावि पुन्हा पुन्हा काढावे लागतात.

जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६७ मध्ये यावर मधला मार्ग दिला: कोणत्या पायरीवर कोणत्या संख्येने निःशेष भाग जाणारच हे आधीच ठरवता येते. वरच्या उदाहरणात या मार्गाने शेवटी २६०७०८ ही सहा अंकी संख्या येते. बेल प्रयोगशाळेत आल्ट्रान ही गुणोत्तरीय राशींसाठीची प्रणाली घडवणाऱ्या डब्ल्यू. एस. ब्राउन यांनी १९७१ मध्ये वेगळी दिशा घेतली. हिशेब लहान मूळसंख्यांच्या शेषांत करायचा आणि उत्तर नंतर जोडून घ्यायचे. अनेक चलांच्या, पण थोडक्या पदांच्या राशींसाठी रिचर्ड झिपेल यांनी १९७९ मध्ये यदृच्छ किमती घालून तपासण्याची रीत दिली. आजच्या बीजगणित प्रणाली याच कल्पनांवर उभ्या आहेत.

मर्यादाही ठाऊक आहे. घात फार मोठे आणि पदे मोजकी असतील, म्हणजे राशी लिहायला छोटी पण कोटी प्रचंड, तर दोन बहुपदींना सामाईक अवयव आहे का हे ठरवणेच एनपी-कठीण ठरते. डेव्हिड प्लॅस्टेड यांनी १९७० च्या दशकात हे दाखवले.

‘सरळ’ म्हणजे काय

मसावि मिळाला की अतिसंक्षिप्त रूप मिळते, आणि छेदाच्या सर्वोच्च घाताचा सहगुणक १ ठेवायचा असे ठरवले की ते एकमेव होते. एकमेव रूपाचा फायदा मोठा आहे: दोन राशी समान आहेत का हे रूपे ताडून पाहताच कळते. मात्र एकमेव असलेले रूप वापरायला सोपे असेलच असे नाही. (क्ष¹⁰⁰ − १) / (क्ष − १) हे अतिसंक्षिप्त करा, १०० पदांची बहुपदी येते. मूळ राशीच डोळ्यांना आणि मनाला सोपी आहे यावर कोणी वाद घालणार नाही. (क्ष + १)⁵⁰ चा विस्तार केला तर ५१ पदे होतात आणि मूळ कुठे आहे ते दिसेनासे होते.

जोएल मोझेस यांनी १९७१ च्या आढाव्यात तेव्हाच्या प्रणालींची विभागणी राजकीय नावांनी केली होती. एका टोकाला ‘जहाल’, म्हणजे प्रत्येक राशी एकाच ठरीव साच्यात बसवणाऱ्या. दुसरीकडे ‘पुराणमतवादी’, म्हणजे वापरणाऱ्याने सांगितल्याशिवाय रूप न बदलणाऱ्या. आणि अनेक रूपे बाळगून कामाप्रमाणे निवड करणाऱ्या सर्वसमावेशक प्रणालीही त्यांनी वेगळ्या गणल्या. पुढच्या काळात व्यवहारात या सर्वसमावेशक वाटेचीच सरशी झाली. एकत्र करणे, काटणे, विस्तारणे, अवयव पाडणे आणि आंशिक अपूर्णांकांत मोडणे यांसाठी आजच्या प्रणालींत वेगवेगळ्या आज्ञा असतात. संकलनाला आंशिक अपूर्णांक सोयीचे, शून्यस्थाने शोधायला अवयवरूप सोयीचे.

आकडेमोडीची निकड आणखी निराळी आहे. क्ष फार मोठा असताना १/क्ष − १/(क्ष + १) हा हिशेब संगणकावर केला, तर जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीत अचूक अंक हरवतात. १ / (क्ष(क्ष + १)) या रूपात ते टिकतात. उलट (क्ष − १)⁷ विस्तारून लिहिले आणि क्ष १ च्या अगदी जवळ घेतला, तर उत्तरात पूर्णांकनाच्या चुकांचा गोंधळच दिसतो. शाळेत एकच उत्तर ‘सरळ’ ठरते, पण ते कशासाठी हवे आहे हे सांगितल्याशिवाय तो निवाडा अपुराच राहतो.

सोपेपणाचे एकच सर्वमान्य माप शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. जॅक कॅरेट यांनी २००४ मध्ये, वर्णन जितके छोटे तितकी राशी सोपी, अशी माहितीशास्त्रातून घेतलेली व्याख्या मांडली. तिला आधार चांगला आहे, पण वर्णन कोणत्या भाषेत करायचे यावर लांबी ठरते. गुणोत्तरीय राशींच्या बाहेर पडले तर परिस्थिती आणखी कठीण होते. पाय, लॉग २, साइन, घातांकी फल आणि निरपेक्ष किंमत यांनी बनलेली राशी सर्वत्र शून्य आहे का, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे डॅनियल रिचर्डसन यांच्या १९६८ च्या निष्कर्षांतून निघते. त्या तुलनेत परिमेय सहगुणकांच्या गुणोत्तरीय राशी भाग्यवान आहेत, कारण त्यांच्याबाबत समानतेचा निर्णय नेहमी लागतो.

अध्यापनातील मतभेद

महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रमात आठवीच्या गणितात ‘बैजिक राशींचे अवयव’ या प्रकरणात, घनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची सूत्रे झाली की गुणोत्तरीय बैजिक राशींचे सरळरूप येते. त्यामुळे तो अवयवांचा सराव ठरतो. सूत्रांना लगेच उपयोग मिळतो, ही या क्रमाची जमेची बाजू. मात्र ज्यांना अवयव जमत नाहीत त्यांना पुढचे दारच बंद होते, आणि सरळरूप म्हणजे चार ओळखीच्या सूत्रांपैकी एक हुडकणे असा समज होऊ शकतो.

विद्यार्थ्यांच्या चुका जगभर आश्चर्यकारकपणे सारख्या आहेत. सर्वांत चिवट चूक म्हणजे (अ + ब) / अ मधला अ काटून ब लिहिणे, म्हणजे अवयव नसलेले पद काटणे. मॅरिलिन मॅट्झ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवले की अशा चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. ओळखीचा नियम मूळ मर्यादेबाहेर ताणण्याच्या सुसंगत सवयीतून त्या येतात. डेव्हिड किर्शनर आणि थॉमस ऑट्री यांच्या २००४ च्या अभ्यासात, डोळ्यांना सहज पटणारे नियम नवशिक्या मुलांनी लवकर उचलले, पण भलत्या जागी वापरलेही अधिक. १६/६४ मधले ६ काटले की १/४ हे बरोबर उत्तर येते. असा योग शिक्षकाने वर्गात मुद्दाम मांडला तर उत्तर बरोबर येणे आणि कारण बरोबर असणे यांतला फरक मुलांना चटकन दिसतो.

उपायांबाबत दोन गट दिसतात. एका गटाच्या मते ‘काटणे’ ही बोली आणि आडवी रेघ ओढण्याची सवयच आधी सोडायला हवी. (क्ष − ३) / (क्ष − ३) हा १ वेगळा लिहून दाखवावा, म्हणजे गुणाकाराचे कारण आणि क्ष ≠ ३ ही अट एकाच वेळी डोळ्यांपुढे राहते. रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ मध्ये नियम वापरता येणे आणि नियमाचे कारण कळणे यांत जो भेद केला, त्याचा आधार हा गट घेतो. दुसरा गट म्हणतो की हात बसल्याशिवाय पुढचे कलन आणि भौतिकशास्त्र जडच जाते. प्रत्येक पायरीला कारण लिहायला लावले तर लक्ष मूळ प्रश्नावरून ढळते. दोन्ही बाजूंना वर्गातला अनुभव आहे. समजेमागून सराव की सरावामागून समज, हा क्रम मात्र अभ्यासांनी निःसंदिग्धपणे ठरवलेला नाही.

यंत्रांमुळे या वादात नवी बाजू आली. ब्रूनो बुखबर्गर यांनी १९९० मध्ये एक तोडगा सुचवला: विषय नवा असेपर्यंत पेटी पारदर्शक, म्हणजे सर्व कृती हाताने; विषय आत्मसात झाला की तीच पेटी काळी, म्हणजे ते काम प्रणालीकडे. मिशेल आर्तिग आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांचे वर्गातले अभ्यास मात्र असे सांगतात की यंत्र हाताळणे हेही शिकावे लागते, आणि यंत्राने दिलेले अनोळखी रूप आपल्या उत्तराशी समान आहे का, हा तपासच बीजगणिताची समज वाढवू शकतो.

अनिर्णित राहिलेले

यंत्रांनी अटींचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत ठळक आहे. बहुतेक बीजगणित प्रणाली क्ष/क्ष ला न विचारता १ करतात. आकारिक भूमिकेतून ते योग्यच आहे. वापरणारा मात्र उत्तरात पुढे किमती घालतो, म्हणजे तो फलाच्या भूमिकेत असतो. डेव्हिड स्टाउटमायर यांनी १९९१ मध्ये अशा घसरणींची जंत्री मांडली. रॉबर्ट कॉर्लेस आणि डेव्हिड जेफ्री यांनी १९९२ मध्ये त्याच प्रश्नाची आणखी चिकित्सा केली. अक्ष = अ² या समीकरणाला प्रणाली क्ष = अ असे उत्तर देते. अ शून्य असेल तर कोणतीही क्ष चालते, हे त्या उत्तरात कुठेच नाही. प्रत्येक अट जपून ठेवली तर एका चलाच्या छोट्या हिशेबात ती ओळभर होते. दहा प्राचले असलेल्या अभियांत्रिकीच्या समीकरणसंचात मात्र प्रकरणे फुटत जाऊन अटींची यादी मूळ उत्तराहून लांब होते आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. कोणत्या अटी आपोआप दाखवायच्या आणि कोणत्या मागितल्यावरच, यावर निरनिराळ्या प्रणालींनी निरनिराळे निर्णय घेतले आहेत.

परीक्षेतही हाच प्रश्न छोट्या रूपात येतो. (क्ष − २) / (क्ष + ३) हे उत्तर क्ष ≠ ३ या अटीशिवाय पूर्ण धरायचे का, हे पाठ्यपुस्तक कोणती भूमिका घेते यावर अवलंबून आहे, आणि शालेय पुस्तके बहुधा दोन्ही भूमिका एकत्र वापरतात: व्याख्या देताना छेद शून्य नसल्याचे बजावायचे, पुढच्या उदाहरणांत सरळरूप अटीविना लिहायचे. उत्तरातली क्ष ≠ −३ ही अट छेदावरून दिसते तरी. क्ष ≠ ३ ही सरळरूपात कुठेच दिसत नाही, म्हणून लिहायचीच तर ती पहिल्या ओळीतच, अवयव काढून टाकण्याआधी, लिहावी लागते.